दुकान व्हार्निशच्या मागे, एचटीटीपीएस पुढे: रीडायरेक्टचं चक्र थांबत नाही

कोरीपाटी (सोमवार, २२:१०)

नमस्कार मंडळी. दोन रात्री यातच गेल्या, म्हणून सविस्तर लिहिते.

वर्डप्रेस आणि वूकॉमर्सवर चालणारं एक दुकान माझ्याकडे सांभाळायला आहे. आतापर्यंत तिथे नुसता कॅटलॉग होता. ८० पोर्टवर व्हार्निश (पानांच्या तयार प्रती साठवून पटकन देणारा कॅशे), त्याच्या मागे ८०८० वर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आणि पीएचपी. वेग उत्तम मिळत होता. आता ऑनलाइन पैसे घ्यायचे आहेत, म्हणून एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपबंद जोडणी, हवी.

मी काय केलं: त्याच एनजिनएक्समध्ये ४४३ साठी वेगळा सर्व्हर ब्लॉक लिहिला, सर्टिफिकेट तिथे लावलं, आणि तिथून विनंती १२७.०.०.१ वर, म्हणजे त्याच मशीनवरच्या, व्हार्निशकडे पाठवली. वर्डप्रेसच्या सेटिंगमधले दोन्ही पत्ते एचटीटीपीएसचे केले आणि सक्तीने एचटीटीपीएसवर नेणारं प्लगइन चालू केलं.

आता ब्राउझर 'फार वेळा रीडायरेक्ट झालं' म्हणून थांबतो. कर्लने (कमांड लाइनवरून पान मागवणारं साधन) बघितलं तर ३०१, म्हणजे 'दुसऱ्या पत्त्यावर जा' असा निरोप, येतो आणि त्याच्या लोकेशनमध्ये मी मागितला तोच पत्ता असतो, अक्षरही वेगळं नाही. प्लगइन बंद केलं तर पान उघडतं, पण सीएसएस (पानाची मांडणी-सजावट) लागत नाही, चित्रं विस्कटलेली.

सर्टिफिकेट चुकलंय का? का व्हार्निशमागे हे होतच नाही?

दीपस्तंभ (सोमवार, २२:४८)

सर्टिफिकेट ठीक आहे. ते चुकलं असतं तर ब्राउझरने रीडायरेक्टपर्यंत जाऊच दिलं नसतं. आणि व्हार्निशमागे हे व्यवस्थित होतं, हजारो दुकानं अशीच चालतात.

तुमच्या विनंतीचा प्रवास बघा. ग्राहक ४४३ वर येतो. एनजिनएक्स कुलूप उघडतो. तिथून पुढे व्हार्निशपर्यंत आणि व्हार्निशपासून ८०८० पर्यंत सगळं साधं एचटीटीपी. म्हणजे वर्डप्रेसच्या दारात विनंती पोचते तेव्हा ती मुळात सुरक्षित आली होती याची कुठलीच खूण तिच्यावर उरलेली नसते. प्लगइन म्हणतं, ही साधी आली, एचटीटीपीएसवर पाठवा. ग्राहक पुन्हा ४४३ वर येतो, पुन्हा तेच. क्रोम अशी २० रीडायरेक्ट झाली की सोडून देतो.

सीएसएस न लागण्याचं कारणही हेच. आपण साध्या जोडणीवर आहोत असं समजून वर्डप्रेस सीएसएसच्या लिंका एचटीटीपीने लिहितं आणि सुरक्षित पानावर ब्राउझर त्या अडवतो.

उपाय: ४४३ च्या ब्लॉकमध्ये एनजिनएक्सने 'एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो' हा हेडर (विनंतीसोबत जाणारी माहितीची ओळ) 'एचटीटीपीएस' अशा किमतीसह लावायचा. व्हार्निश तो जसाच्या तसा पुढे देतो. पण वर्डप्रेस स्वतःहून हा हेडर वाचत नाही. त्याचं सुरक्षिततेचं फंक्शन पीएचपीच्या सर्व्हर यादीतली 'एचटीटीपीएस' ही नोंद चालू आहे का, नाहीतर पोर्ट ४४३ आहे का, एवढंच बघतं. त्यामुळे वर्डप्रेसच्या डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये अट लिहावी लागते: हा हेडर 'एचटीटीपीएस' असेल तर ती नोंद 'ऑन' कर.

पहाटवारा (सोमवार, २३:०५)

दीपस्तंभ यांना अनुमोदन. मॅजेंटो (दुकानाची दुसरी प्रणाली) वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिथे कोड लिहावा लागत नाही. ऑफलोडर हेडर नावाची सेटिंग आहे, त्यात हेडरचं नाव द्यायचं.

कोरीपाटी (मंगळवार, ००:२०)

हेडर लावला, अट लिहिली, एनजिनएक्स रीलोड केला. काहीच फरक नाही.

दीपस्तंभ (मंगळवार, ००:२६)

अट फाइलच्या अगदी शेवटी लिहिली आहे का? डब्ल्यूपी-कॉन्फिगच्या शेवटच्या ओळीत वर्डप्रेसची सेटिंग फाइल ओढली जाते, आणि सगळं वर्डप्रेस तिथेच उभं राहतं. त्याच्यानंतर लिहिलेली अट फार उशिरा येते. 'इथून पुढे संपादन नको' अशी टीप असते ना, तिच्या वर घाला.

कोरीपाटी (मंगळवार, ००:४१)

अगदी शेवटीच होती! वर नेली आणि कार्टचं पान उघडलं, सीएसएससकट. माझं खातंही उघडतंय. पण मुखपृष्ठ मात्र अजून गोल फिरतंय. मध्येच एकदा नीट उघडलं होतं, पाच मिनिटांनी परत तेच. एकाच दुकानाची दोन पानं अशी वेगळी कशी वागतात?

उंबरठा (मंगळवार, ०७:५५)

मुखपृष्ठ कॅशेत आहे आणि कार्ट नाही, म्हणून. फिरणाऱ्या पानाचे हेडर इथे टाका. 'एज' (उत्तर किती सेकंद कॅशेत आहे) आणि 'एक्स-व्हार्निश' हे दोन विशेष बघा.

कोरीपाटी (मंगळवार, ०९:१२)

स्थिती ३०१. एज: ८४७. एक्स-व्हार्निशमध्ये दोन आकडे आहेत, ३२७७१ आणि ९८३१७ असे.

उंबरठा (मंगळवार, ०९:४०)

मिळालं. एक्स-व्हार्निशमध्ये एकच आकडा असला तर उत्तर बॅकएंडकडून (मागच्या एनजिनएक्स-पीएचपीकडून) आत्ता आणलेलं. दोन असले तर पहिला आकडा तुमच्या विनंतीचा आणि दुसरा ज्या विनंतीने ते उत्तर कॅशेत ठेवलं तिचा. म्हणजे हा ३०१ वर्डप्रेसने तुम्हाला दिलेलाच नाही. ८४७ सेकंदांपूर्वी कोणीतरी ८० पोर्टवर साध्या एचटीटीपीने मुखपृष्ठ मागितलं. त्याला 'एचटीटीपीएसवर जा' हे उत्तर मिळालं, आणि ते योग्यच होतं. व्हार्निशने ते जपून ठेवलं आणि आता एचटीटीपीएसने आलेल्या सगळ्यांना तेच वाढतोय.

व्हार्निशचा मूळ हॅश, म्हणजे कॅशेतल्या कप्प्याची खूण, फक्त दोन गोष्टींवर बनतो: पत्ता आणि होस्ट (डोमेनचं नाव). जोडणी साधी की सुरक्षित, हे त्यात नाही. त्यामुळे साध्या मुखपृष्ठाचा आणि सुरक्षित मुखपृष्ठाचा कप्पा एकच. ज्याचं उत्तर आधी आलं त्याचं राज्य. तुमचं पान मधेच बरं होतं आणि परत बिघडतं ते यामुळे.

दोन रस्ते आहेत. एक, हॅशमध्ये एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो मिसळायचा, म्हणजे कप्पे वेगळे होतील. दुसरा मला जास्त पटतो: साधी विनंती बॅकएंडपर्यंत जाऊच द्यायची नाही. व्हीसीएलच्या (व्हार्निशच्या नियमांची फाइल) रिसीव्ह भागातच, विनंती ८० पोर्टवर आली असेल तर सिंथने (व्हार्निशने स्वतःच उत्तर बनवण्याची सोय) ३०१ तयार करून तिथूनच परत पाठवायची. सिंथचं उत्तर कॅशेत जात नाही, पीएचपीला त्रास नाही, आणि प्लगइनची गरजही संपते. ते प्लगइन काढूनच टाका. रीडायरेक्ट करणारी जागा एकच असावी. प्लगइन, एनजिनएक्स आणि व्हार्निश असे तिघेही रीडायरेक्ट करत असले की कोणी कोणाला कुठे पाठवलं हे शोधण्यातच रात्र जाते.

फक्त एक काळजी घ्या. तुमचा एनजिनएक्स सध्या व्हार्निशच्या त्याच ८० पोर्टवर येतोय. मग व्हार्निशला बाहेरचा साधा ग्राहक आणि एनजिनएक्सकडून आलेला सुरक्षित ग्राहक ओळखायचे कसे? व्हार्निशला दुसरा पोर्ट उघडून द्या, समजा ६०८६, फक्त १२७.०.०.१ वर. एनजिनएक्सने तिथे यायचं. व्हीसीएलमध्ये लोकल.आयपीचा (विनंती आपल्या ज्या पत्त्यावर आली त्याचा) पोर्ट तपासला की झालं.

टर्मिनलकर (मंगळवार, ११:३०)

उंबरठा यांनी पोर्ट वेगळे करायला सांगितलं, त्याचं सर्वांत मोठं कारण मी सांगतो, कारण यात मी पोळलो आहे.

एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हा नुसता मजकूर आहे, कोणीही लिहू शकतं. ८० पोर्टवर येणाऱ्या कुणीही तो स्वतः लावून पाठवला आणि व्हार्निशने तसाच पुढे दिला, तर वर्डप्रेस त्यावर विश्वास ठेवणार. म्हणून ८० वर आलेल्या विनंतीतला हा हेडर व्हीसीएलमध्ये आधी पुसून टाकायचा, आणि ६०८६ वर आलेल्या विनंतीला तो आपण स्वतः लावायचा. तसाच ८०८० पोर्ट. तो सगळ्या जगाला उघडा असेल तर व्हार्निशला वळसा घालून थेट बॅकएंडशी बोलता येतं. तोही १२७.०.०.१ वर बांधा.

दुसरी गोष्ट पर्जची, म्हणजे कॅशेतलं पान काढून टाकायला सांगणाऱ्या विनंतीची. बहुतेकांच्या व्हीसीएलमध्ये एक यादी असते: १२७.०.०.१ वरून पर्ज आला तर चालेल, बाकीच्यांना ४०५, म्हणजे नकार. एचटीटीपीएस लावायच्या आधी हे बरोबर होतं. पण आता प्रत्येक सुरक्षित विनंती एनजिनएक्समधून येते आणि व्हार्निशला तिचा क्लायंट.आयपी (पाठवणाऱ्याचा पत्ता) दिसतो १२७.०.०.१. म्हणजे जगातला कोणीही एचटीटीपीएसने पर्ज पाठवून तुमची कॅशे रिकामी करू शकतो. माझ्याकडच्या एका दुकानात असंच झालं. हिट रेट (कॅशेतून दिलेल्या उत्तरांचं प्रमाण) अचानक कोसळायचा, पीएचपी गुदमरायचा, आणि आम्ही आठवडाभर डेटाबेस तपासत बसलो होतो. शेवटी व्हार्निशलॉगमध्ये ओळ सापडली: मेथड पर्ज, आणि एक्स-फॉरवर्डेड-फॉरमध्ये (मूळ पाठवणाऱ्याचा पत्ता सांगणारा हेडर) ओळखीचा नसलेला पत्ता.

पर्जसाठी १२७.०.०.१ वरच तिसरा पोर्ट ठेवा आणि बाकी दोन्ही पोर्टांवर पर्ज सरळ नाकारा.

कोरीपाटी (मंगळवार, १२:१५)

बाप रे. माझ्या व्हीसीएलमध्ये तंतोतंत हीच यादी आहे. आत्ता माझ्या लॅपटॉपवरून पर्ज पाठवून बघितला. २०० आला, म्हणजे चालला. आज दुपारीच बदलते.

सांजसावली (मंगळवार, १३:०२)

एक मूलभूत प्रश्न. व्हार्निश स्वतःच सर्टिफिकेट का घेत नाही? मधे आणखी एक एनजिनएक्स ठेवायचा खटाटोप कशाला?

दीपस्तंभ (मंगळवार, १४:२०)

चांगला प्रश्न आहे. व्हार्निश २००६ मध्ये आला, नॉर्वेच्या व्हीजी या वृत्तपत्राच्या साइटसाठी. तो लिहिणाऱ्या पॉल-हेनिंग कँप यांनी २०११ मध्ये प्रकल्पाच्या दस्तऐवजातच आपली भूमिका मांडली. ओपनएसएसएल या कूटबद्धतेच्या लायब्ररीचा कोड अवाढव्य आहे, आणि सर्टिफिकेटची खासगी किल्ली कॅशेच्या प्रक्रियेत ठेवणं त्यांना धोक्याचं वाटत होतं. २०१४ च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएलमधलाच हार्टब्लीड हा दोष बाहेर आला. एका विनंतीत सर्व्हरच्या मेमरीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा तुकडा बाहेर काढता येत होता, आणि त्यात खासगी किल्लीही असू शकत होती. तेव्हा त्या भूमिकेचं वजन अनेकांना पटलं. आपण सगळे व्हार्निशच्या ज्या मुक्त ६ आणि ७ आवृत्त्या वापरतो त्यांत ग्राहकाच्या बाजूचं टीएलएस (एचटीटीपीएसमागची कूटबद्धता) नाही.

एनजिनएक्सच हवा असं मात्र नाही. हिच नावाचा लहानसा प्रोग्रॅम याच एका कामासाठी आहे. तो टीएलएस उलगडतो आणि प्रॉक्सी प्रोटोकॉलने व्हार्निशशी बोलतो. व्हार्निशला हा प्रोटोकॉल ४.१ पासून समजतो. त्यात ग्राहकाचा खरा पत्ता जोडणीच्या सुरुवातीलाच सांगितला जातो, त्यामुळे क्लायंट.आयपीमध्ये खरा ग्राहक दिसतो आणि टर्मिनलकर यांनी सांगितलेली पर्जची फट आपोआप बुजते. नवीन उभारणी असेल तर मी हिच निवडेन. कोरीपाटी, तुमचं एनजिनएक्सवर चाललंय, तर आत्ता बदलू नका.

हिच लावलात तर एक बघा: एएलपीएनमध्ये (जोडणी होताना कुठला प्रोटोकॉल बोलायचा ते ठरतं तिथे) एच२, म्हणजे एचटीटीपी२, जाहीर केलंत तर व्हार्निशमध्येही एचटीटीपी२ चालू हवं. नाहीतर ब्राउझर एच२ बोलायला लागतो, व्हार्निशला ते कळत नाही, आणि कोरं पान समोर येतं.

मोगरा_२ (मंगळवार, १८:३५)

मंडळी, जोडणीबद्दल झालं, पण हे दुकान आहे. मला सगळ्यात जास्त धास्ती कॅशेची वाटते, आणि आजवर जी दुकानं तपासली त्यांत सर्वांत गंभीर चुका तिथेच निघाल्या.

व्हार्निशचं मूळ वागणं सावध आहे. विनंतीत कुकी असेल तर तो कॅशेत बघतच नाही, सरळ बॅकएंडकडे जातो. उत्तरात सेट-कुकी असेल तर ते साठवत नाही. मग होतं काय, की भेटींची मोजदाद करणाऱ्या स्क्रिप्टच्या कुकी प्रत्येकाकडे असतात, हिट रेट शून्यावर येतो, आणि माणूस कुठूनतरी दोन ओळी उचलून आणतो: सगळ्या कुकी काढ, सगळ्या सेट-कुकी काढ. हिट रेट वर जातो, सगळे खूश. त्या क्षणापासून एकाचं खातं दुसऱ्याला दिसू शकतं.

हे काल्पनिक नाही. २५ डिसेंबर २०१५ ला स्टीम या गेम विकणाऱ्या दुकानात हल्ल्याचा भार पेलण्यासाठी कॅशेचे नियम बदलले, त्यातला एक चुकला, आणि लोकांना इतरांची पानं दिसू लागली. सुमारे ३४,००० जणांची माहिती अशी उघडी पडली असावी, असं स्टीमच्या व्हॉल्व्ह कंपनीने नंतर स्वतः सांगितलं. ईमेल, बिलाचे पत्ते, खरेदीचा इतिहास. पूर्ण कार्ड क्रमांक त्यात नव्हते, पण ज्याचा घरचा पत्ता अनोळखी माणसाने वाचला त्याला त्याचं काय समाधान? तिथेही एचटीटीपीएस होतंच. वाटेत कोणी चोरत नव्हतं, सर्व्हरच चुकीच्या माणसाला देत होता.

म्हणून उलट्या दिशेने लिहा. 'काय कॅशे करायचं नाही' याआधी 'कुठल्या कुकी निरुपद्रवी आहेत' याची यादी करा आणि फक्त तेवढ्याच काढा. वूकॉमर्सच्या कार्टच्या कुकी, सेशनची कुकी, वर्डप्रेसची लॉगिनची कुकी, यांतली एक जरी दिसली तरी पास, म्हणजे कॅशे टाळून सरळ बॅकएंडकडे. कार्ट, चेकआउट, माझं खातं, डब्ल्यूसी-एपीआय आणि पत्त्यात 'अॅड-टू-कार्ट' असलेलं काहीही, कुकी असो वा नसो, पास.

मग तपासणी. दोन वेगळ्या ब्राउझरमध्ये दोन खात्यांनी लॉगिन करा, दोघांत वेगळी वस्तू कार्टमध्ये टाका, तीच तीच पानं आलटून पालटून दहा वेळा उघडा. लॉगिन न केलेल्या तिसऱ्या खिडकीतही. हे दर व्हीसीएल बदलानंतर हाताने करावं. कंटाळवाणं आहे, तरी मी सोडत नाही.

पहाटवारा (मंगळवार, १९:१०)

+१. ही तपासणी छापून भिंतीवर लावतोय.

टर्मिनलकर (मंगळवार, २१:४४)

पेमेंट सुरू करणार आहात म्हणून दोन गोष्टी.

पेमेंट गेटवेच्या पॅनेलमध्ये परतीचा पत्ता जुना, एचटीटीपीचा राहिलेला नाही ना, बघा. गेटवे तुमच्या सर्व्हरला 'पैसे मिळाले' हे पोस्टने (माहिती सोबत नेणारी विनंती) कळवतो. तो पोस्ट ८० वर आला की आपण ३०१ देतो. काही गेटवे रीडायरेक्टच्या मागे जातच नाहीत. जे जातात त्यांतले अनेक ३०१ नंतर पोस्टचा गेट (नुसतं पान मागणारी विनंती) करतात आणि आतला मजकूर गळून पडतो. लॉगमध्ये लागोपाठ दोन ओळी दिसतात: पोस्ट ३०१, गेट २००. वरवर सगळं हिरवं. प्रत्यक्षात ग्राहकाचे पैसे कापलेले आणि ऑर्डर 'प्रलंबित'. ३०८ दिला तर मेथड बदलत नाही, पण मूळ पत्ताच एचटीटीपीएसचा भरणं हा खरा उपाय.

दुसरं, ग्राहक स्वतः गेटवेवरून परत येतो तेव्हाचं. काही गेटवे त्याला पोस्टने परत पाठवतात. सेमसाइट (दुसऱ्या साइटवरून येताना कुकी पाठवायची का, हे सांगणारी खूण) न लिहिलेल्या कुकीला २०२० मधल्या क्रोम ८० पासून 'लॅक्स' धरतात, आणि लॅक्स कुकी दुसऱ्या साइटवरून आलेल्या पोस्टबरोबर जात नाही. नुकत्याच लावलेल्या कुकीला दोन मिनिटांची सूट आहे, म्हणून आपण घाईघाईत चाचणी केली की चालतं, आणि ओटीपीची वाट बघत थांबलेला ग्राहक परत येतो तेव्हा त्याचं सेशन हरवलेलं असतं. परतीचं पान सेशनवर अवलंबून ठेवू नका, ऑर्डरच्या किल्लीवर ठेवा. नाहीच जमलं तर त्या कुकीला सेमसाइट 'नन' आणि सोबत 'सिक्युअर' द्यावं लागतं.

सांजसावली (बुधवार, १०:०५)

सर्टिफिकेटच्या नूतनीकरणाचं कोणी बोललं नाही. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं. पडताळणी ८० पोर्टवरून होते, तर सिंथचा रीडायरेक्ट आड येणार नाही का?

उंबरठा (बुधवार, १०:५०)

येणार नाही, पडताळणी करणारा सर्व्हर रीडायरेक्टच्या मागे जातो. तरी मी 'वेल-नोन' मधला 'अॅक्मी-चॅलेंज' हा पडताळणीचा रस्ता रीडायरेक्टमधून वगळतो आणि पास करतो. नाहीतर एखादा जुना ४०४ कॅशेत बसला तर नूतनीकरण विनाकारण फसतं.

जास्त वेळा फसतं ते पुढे. नवी फाइल डिस्कवर येते, पण चालू असलेल्या एनजिनएक्सच्या मेमरीत जुनंच सर्टिफिकेट असतं. नूतनीकरणाच्या हुकमध्ये (त्यानंतर आपोआप चालणाऱ्या आज्ञेत) रीलोड घातलंच पाहिजे. हिचला तर किल्ली आणि सर्टिफिकेटची साखळी एकाच पेम फाइलमध्ये लागते, तर आधी जोडणं, मग रीलोड. आणि तपासताना डिस्कवरची फाइल बघू नका, बाहेरून ४४३ ला जोडून तारीख वाचा.

लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपत आल्याचे ईमेल जून २०२५ पासून बंद केले आहेत, त्यामुळे पहारा आपला आपणच ठेवायचा. शिवाय सर्टिफिकेट देणारे आणि ब्राउझर बनवणारे यांच्या सीए-ब्राउझर फोरमने ठरवल्याप्रमाणे सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येणार आहे. हाताने नूतनीकरण करणाऱ्यांनी आत्ताच सवय मोडावी.

कोरीपाटी (शुक्रवार, २३:१५)

सगळं बसलं. तीन पोर्ट वेगळे केले, हेडर ८० वर पुसला जातो, प्लगइन काढलं. बाहेरून पर्ज पाठवला की ४०५. मोगरा यांची दोन खात्यांची तपासणी तीनदा केली. पहिल्याच फेरीत कार्टचा छोटा आकडा दुसऱ्या खिडकीत दिसला! थीमने स्वतःची वेगळी कुकी ठेवली होती, तिच्यासाठीही पास लिहिला. गेटवेच्या पॅनेलमध्ये पत्ता खरंच जुना होता. दीपस्तंभ दादा, उंबरठा, टर्मिनलकर, मोगरा, तुमचे मनापासून आभार.

एकच राहिलं. एचएसटीएस ('इथे एचटीटीपीएसनेच ये' असं ब्राउझरला ठरावीक मुदतीसाठी सांगणारा हेडर) लगेच एक वर्षाचं लावू का?

दीपस्तंभ (शनिवार, ०८:३०)

नको. आधी ३०० सेकंद. आठवडाभर काही बिघडलं नाही तर एक दिवस, मग एक महिना, मग ३१५३६००० सेकंद, म्हणजे वर्ष. ब्राउझरने एकदा मुदत लक्षात ठेवली की ती त्याच्याकडून आपल्याला काढून घेता येत नाही. मुदत शून्य पाठवून रद्द करता येते, पण त्यासाठीही एचटीटीपीएस चालू असावं लागतं, आणि गडबड झालेली असते ती नेमकी तिथेच. सर्व उपडोमेनना लागू करणारा पर्याय तर तुमच्या प्रत्येक उपडोमेनवर सर्टिफिकेट आहे याची खात्री झाल्याशिवाय लावू नका. एखादा जुना मेलचा किंवा चाचणीचा पत्ता विसरलेला असतो.

कोरीपाटी (शनिवार, ०९:०२)

३०० लावला. चाचणीचा पत्ता खरंच होता, आणि त्यावर सर्टिफिकेट नाही. आज आधी ते घेते.